तोंडं पलीकडं करा

मी नवव्या गल्लीत शिरलो तेव्हा आमच्या काकांची जावा मोटारसायकल भंगारवाल्या मारुतीच्या हातगाडीवर अर्धी चढलेली होती. पुढचं चाक वर, मागचं चाक जमिनीवर, आणि मधे तिला मिठी मारून मारुती उभा. त्याला ती वरही ढकलता येत नव्हती आणि खालीही सोडता येत नव्हती.

"बरं झालं आलासा, सर," तो धापा टाकत म्हणाला. "जरा मागनं हात लावा की."

मी पिशवी खाली ठेवली आणि हात लावला. आणखी एक रेटा दिला असता तर चढलीच असती गाडी. तेवढ्यात माझी ट्यूब पेटली.

"अरे, पण कुठं न्यायलाईस ही?"

"भंगारात. काकींनी बोलावलंय."

पद्माकाकी दारात गवार निवडत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मे महिन्यात काका गेले, तेव्हापासून तिचा चेहरा असाच होता.

"काकी, काय हे? गाडी शीतलला द्यायची म्हणून काका सांगून गेलेत ना?"

शीतल म्हणजे मी. आमच्या जयसिंगपूर भागात जैनांच्या घरात मुलाचं नाव सर्रास शीतल ठेवतात, शीतलनाथ तीर्थंकरांवरून. बाहेरगावी पंचाईत होते. पुण्यात ड्रॉइंगच्या परीक्षेला माझा नंबर मुलींच्या वर्गात लागला होता आणि मी तो बदलून घेतला नव्हता.

"मग न्यायची होतीस," काकी म्हणाली. "दोन महिने झाले. दारात उभी राहून दिवसभर माझ्याकडं बघत असते. चालणारी असती तर ठेवली असती रे. पण बंद गाडी बघितली की वाटतंय, आता आतनं येतील आणि किक मारतील. मला सोसत नाही ते."

"मी चालू करतो."

"तू?"

त्या एका अक्षरात तिनं माझी ड्रॉइंग टीचरची नोकरी, माझे पांढरे हात आणि लहानपणी मी सायकलची चेन बसवताना रडलो होतो तो प्रसंग, सगळं बसवलं.

"दसऱ्यापर्यंत," मी म्हणालो. "दसऱ्याला गाडी गल्लीतनं फिरली नाही तर मारुतीला देऊन टाक."

काकीनं गवारीची एक शेंग मोडली. "बरं. दसऱ्याला."

"म्हणजे मी दसऱ्याला येऊ?" मारुतीनं विचारलं.

"ये."

"मग आता ही खाली उतरवायला तरी हात लावा कुणीतरी."

*

गाडी १९६३ सालची. गर्द लाल रंग, टाकीवर सोनेरी रेघा, दोन्ही बाजूंना दोन नळ्या आणि मागे निळ्या धुराचा पडदा. पण गावात नाव होतं ते गाडीचं नव्हे, रायगोंडाकाकांच्या हाताचं. गाडी कुठंही बंद पडू दे, शिरोळच्या रस्त्यावर, बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्याला, कुणाच्या वरातीत, काका अजिबात गडबडायचे नाहीत. उतरायचे, कोटाची बटणं काढायचे आणि जमलेल्यांना म्हणायचे, "सगळे जरा त्या झाडाखाली जा बघू. आणि तोंडं पलीकडं करा."

कुणी बघत असलं की त्यांचा हात चालत नसे म्हणे. मग आम्ही सगळे झाडाखाली जाऊन शाळेत शिक्षा झाल्यासारखे पाठ करून उभे राहायचो. काकांजवळ फक्त काकीला थांबायची परवानगी होती, हत्यारं हातात द्यायला. पाच-दहा मिनिटं गेली की मागून फट् फट् फट् आवाज यायचा. वळून बघावं तर काका कोटाची बटणं लावतायत आणि काकी पदराला हात पुसतीय.

"हाताला गुण आहे मगदुमाच्या," लोक म्हणायचे.

काका काकीशिवाय कधी गावाबाहेर गेले नाहीत. बाजारात जातानाही मागे काकी. एवढं प्रेम हल्ली कुठं बघायला मिळतं, असं माझी आई माझ्या वडिलांकडे बघून म्हणायची.

मला तो गुण हवा होता, खरं सांगतो. आयुष्यात मला एकदा तरी म्हणायचं होतं, "तोंडं पलीकडं करा."

पण त्यासाठी गाडी कुठून उघडतात हे माहीत असणं गरजेचं होतं. म्हणून मी धूर मंडळाकडे गेलो.

*

धूर मंडळ म्हणजे जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांची संघटना. सभासद तीन. दर रविवारी ते आपापल्या गाड्या घेऊन स्टेडियमजवळ जमायचे आणि बहुतेक वेळा त्या ढकलत परत न्यायचे.

मंडळाचे विद्वान म्हणजे उपाध्येसर. कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांना एकच शब्द आवडायचा, मूळ. गाडी चालते की नाही याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं, ती मूळ पाहिजे. त्यांच्याकडे एक जाड वही होती. तीत ते प्रत्येक भागाला नंबर देऊन पुढे 'मूळ' किंवा 'नकली' असं लिहायचे. 'नकली' लिहिताना ते डोळे मिटून घ्यायचे.

दुसरे दस्तगीरचाचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ट्रॅक्टर त्यांनी डोळे मिटून खोलला असता. पण जन्म सगळा डिझेलमध्ये गेलेला, त्यामुळे पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडावी लागते याचाच त्यांना राग होता. "इंजिनाला पेटवायला काडी कशाला लागतीय?" ते म्हणायचे. "त्येचं त्येनं पेटाय नको?"

तिसरा, मंडळाचा अध्यक्ष, बाहुबली हुल्ले. अंगानं काडी, नाव बाहुबली. त्याचा लग्नपत्रिका छापायचा छापखाना होता. गाडीतलं त्याला काहीही कळत नव्हतं, पण उत्साह एवढा की आम्हाला तो आवरायला दोन माणसं लागायची.

पहिल्याच रविवारी तिघांनी काकीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जावा खोलली. खोलायला दोन तास लागले. तेव्हा मला वाटलं, हे तर फारच सोपं आहे.

"डबा बघू," उपाध्येसर म्हणाले. सीटखाली बाजूला हत्यारांचा छोटा डबा असतो. त्यातून त्यांनी एकेक वस्तू काढली. "स्क्रू ड्रायव्हर, मूळ. पाना, मूळ. प्लगचा पाना, मूळ! वा, वा. चिंधी, नकली." मग काड्यापेटी निघाली. उघडली तर आत हळदीसारखा पिवळा पडलेला कागदाचा एक तिकोनी तुकडा.

"हे काय?"

"कचरा," सर म्हणाले आणि काड्यापेटीसकट तो तुकडा त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीत टाकला.

काकी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "काय टाकलासा ते?"

"काही नाही हो काकी, कचरा होता."

काकी टोपलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. चहा घ्या." त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी तुटक बोलत होती. मला वाटलं, चाचांनी ग्रीसचा हात तिच्या भिंतीला पुसला म्हणून असेल.

*

असे बारा रविवार गेले. चातुर्मास असल्यामुळे काकीकडे कांदा नाही, बटाटा नाही, आणि जेवण सूर्य बुडायच्या आत. हुल्लेला इंजिन म्हटलं की कांदाभजी आठवायची. तो दर रविवारी आशेनं स्वयंपाकघराकडे नाक करून बसायचा आणि काकी त्याच्यापुढे मुगाची धिरडी ठेवायची.

चार रविवार नुसत्या रंगात गेले. "हा लाल नव्हे," सर म्हणायचे. "हा लाल नंतरचा आहे." मी ड्रॉइंग टीचर, म्हणून रंग कालवायचं काम माझ्याकडे. मी सत्तावीस वेळा लाल रंग केला. अठ्ठाविसाव्या वेळी वैतागून पहिलाच डबा परत दाखवला, तर सर गहिवरून म्हणाले, "हाच!"

एक रविवार चाचांना किक लागली त्यात गेला. पिस्टन बसवून त्यांनी सहज किक मारून बघितली, तर किकनं उलट फिरून त्यांच्या नडगीवर दणका दिला. "लाथ मारतीय रं ही!" ते ओरडले आणि ट्रॅक्टरनं आपल्याला कधी असं वागवलं नाही, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत सांगितलं.

मारुतीही दर रविवारी यायचा. फाटकातूनच अदबीनं विचारायचा, "झाली का?" नाही म्हटलं की त्याला आनंद व्हायचा, पण तो दाखवायचा नाही. एकदा तर शेडमध्ये पसरलेले सगळे भाग बघून म्हणाला, "असंच ऱ्हाऊ दे सर, मला सोपं पडंल."

काकी शेजारच्या खिडकीत बसून धान्य निवडत असायची. बारा रविवार. आम्ही भांडत असायचो, ती निवडत असायची. मधूनच विचारायची, "किती वेळ लागंल अजून?" मग उपाध्येसर तिला समजावून सांगायचे. "काकी, त्याचं काय असतं, पेट्रोलचा वायू होतो. तो पिस्टन दाबतो. मग ठिणगी पडते. सोपं करून सांगायचं तर, कुकरसारखं."

"असं होय," काकी म्हणायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इंजिन पूर्ण झालं. शेवटचं काम राहिलं होतं. इंजिनाच्या उजव्या बाजूला, झाकणाखाली ठिणगीचे दोन पॉइंट असतात. ते किती उघडायचे ते अंतर लावायचं.

"चार दशांश मिलिमीटर," सर पुस्तकात बघून म्हणाले. त्यांच्याकडे मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा संच होता. तो इतका मूळ होता की गंजून त्याच्या सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

"थांबा!" हुल्ले उडी मारून उठला. "माझ्याकडं चार दशांशचं कार्ड हाय. पत्रिकेचं. गठ्ठ्यावर लिहूनच येतंय." तो सायकलवरून छापखान्यात गेला आणि एक झगझगीत पत्रिका घेऊन आला. तिच्यावर सोनेरी गणपती. चाचांनी ती पॉइंटमध्ये घुसवली, स्क्रू आवळला आणि झाकण लावलं.

मी किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली!

काय सांगू तुम्हाला. शेडमध्ये एवढा धूर झाला की आम्हाला एकमेकांना मिठ्या मारायला चाचपडावं लागलं. हुल्ले रडत होता. चाचा म्हणत होते, "पेटली की रं बिनडिझेलची!" उपाध्येसरांनी चुकून शेडच्या दाराशी बांधलेल्या काकीच्या म्हशीला मिठी मारली, असं हुल्ले सांगतो. सर नाही म्हणतात.

खिडकीतून काकी म्हणाली, "आवाज जरा येगळा येतोय का रे शीतल?"

"तेल नवीन आहे, काकी," सर खोकत म्हणाले. "तेल मुरलं की आवाज बसेल."

"बरं," काकी म्हणाली.

मी लगेच फाटकातून एक चक्कर मारणार होतो. पण हुल्ले आडवा पडला, अक्षरशः. "अजिबात नाही! चाक पहिल्यांदा फिरणार ते मुहूर्तावर. दसऱ्याला. मी पत्रकं छापलीत!"

*

त्यानं खरंच पत्रकं छापली होती. दसऱ्याच्या सकाळी नवव्या गल्लीत दीडशे माणूस जमलं होतं. 'रायगोंडा मगदूम यांच्या ऐतिहासिक जावाचे पुनरागमन' असा फलक. खाली 'धूर मंडळ' आणि त्याहून मोठ्या अक्षरात हुल्लेचं नाव. एका टेबलावर उपाध्येसरांनी मूळ आणि नकली भागांचं छोटं प्रदर्शन मांडलं होतं. गल्लीच्या टोकाला फुलवाल्या मावशी झेंडूचा ढीग लावून बसल्या होत्या. आणि फाटकापाशी हातगाडी घेऊन मारुती. त्यानंही आज स्वच्छ शर्ट घातला होता.

काकीनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "नीट जा रे."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. बारा रविवारांत मला पहिल्यांदाच कळलं की तिला ही गाडी द्यायची नव्हती. मग मात्र मला घाम फुटला.

मी काकांचा कोट घातला होता. बसलो. किक मारली. पहिल्याच किकेला सुरू! टाळ्या. मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, काका करायचे तसा मानेला एक झटका दिला, पहिला गिअर टाकला आणि ऐटीत क्लच सोडला.

आणि गाडी मागे गेली.

मला वाटलं, उतार आहे. म्हणून मी ॲक्सिलरेटर वाढवला. गाडी आणखी जोरात मागे गेली. समोरची दीडशे माणसं माझ्यापासून लांब लांब जाऊ लागली आणि त्यांची उघडी तोंडं लहान लहान होत गेली. हुल्लेचा फलक माझ्या पाठीला लागून फाटला, त्याचं नाव माझ्या गळ्यात आलं. उपाध्येसर "मूळ! मूळ!" असं ओरडत टेबलाच्या आडवे आले आणि मग शहाणपणानं बाजूला झाले. टेबल काही बाजूला झालं नाही. प्लगचा पाना, हॉर्न, दोन आरसे, सगळं हवेत. चाचा धावत ओरडत होते, "गिअर बदल! गिअर बदल!" मी बदलला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दुप्पट वेगानं मागे गेली.

फुलवाल्या मावशींनी मला येताना बघितलं. त्या उठल्या, टोपली उचलली आणि बाजूला झाल्या. ढीग मात्र त्यांना उचलता आला नाही.

झेंडूत सगळं शांत झालं. गाडी बंद पडली होती. मी ढिगातून डोकं वर काढलं. तोंडात झेंडू, गळ्यात हुल्ले, कानावर लिंबू. दीडशे माणूस गप्प उभं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोललो.

"मी मुद्दामच मागं घेतली!"

आणि काकी हसली.

आधी तिनं तोंडाला पदर लावला. मग खांद्यात हसली. मग फाटकाचा खांब धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मोठ्यानं हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. मग अख्खी गल्ली हसायला लागली. मी पण हसलो असतो, पण मारुतीनं हातगाडी पुढे आणली होती आणि जावाच्या हँडलवर हात ठेवला होता.

"मुहूर्त झाला, सर," तो हळू म्हणाला. त्यालाही वाईट वाटत असावं. "शब्द ठरला होता."

मी काकीकडे गेलो. माझं तोंड रडवेलं झालं असणार. "काकी, मला खरंच चालवायची होती गं. बारा रविवार घालवले. काय चुकलं तेच कळत नाही." आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, मी विचारलं, "तुला माहितीय का, काय झालंय?"

काकीचं हसणं थांबलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला काहीतरी फार मोठं दिलंय.

"मारुती, हात काढ," ती म्हणाली. मग गल्लीकडे वळून, काका बोलायचे त्याच सुरात, "सगळे जरा त्या कडुलिंबाखाली जा बघू. आणि तोंडं पलीकडं करा. शीतलला कुणी बघत असलं की हात चालत नाही."

दीडशे माणूस लिंबाखाली गेलं आणि पाठ करून उभं राहिलं. उपाध्येसर, चाचा, हुल्ले आणि मारुतीसुद्धा. मीही निघालो होतो.

"तू कुठं चाललास? थांब. हत्यारं द्यायला माणूस लागतंय."

ती आत गेली आणि एक जुनी लग्नपत्रिका घेऊन आली. पातळ कागद, वर लाल अक्षरात 'चि. रायगोंडा' आणि 'चि. सौ. कां. पद्मावती'. पत्रिकेचा एक कोपरा फाटलेला होता. तिनं दुसरा कोपरा काळजीपूर्वक फाडला.

"स्क्रू ड्रायव्हर दे. तो नव्हे, बारका."

झाकण निघालं. तिनं इंजिन हातानं थोडं फिरवलं, झाकणाखाली हुल्लेच्या पत्रिकेचा एक सोनेरी तुकडा पडून राहिला होता तो चिमटीनं काढला.

"ह्येच्यावर सोनं, वर प्लास्टिक. एवढं अंतर ठेवलं तर ठिणगी आधीच पडणार. मग इंजिन उलटं फिरणार नाही तर काय. चाचांना लाथ बसली तेव्हाच मला कळलं, पहिल्यापासनं अंतर जास्त हाय. काल आवाजानं तर नक्कीच झालं."

"काकी, म्हणजे काका…"

"त्यांना हवा भरता यायची," काकी म्हणाली. स्क्रू आवळत थोडं थांबली. "ती पण पुढच्या चाकात."

"मग इतकी वर्षं…"

"कुरुंदवाडला माझ्या वडिलांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगा नव्हता, मीच हाताखाली. हे मला बघायला आले ते ह्याच गाडीवरनं. पोहे खाल्ले, सगळ्यांना नमस्कार केला, मानेला झटका देऊन किक मारली, आणि गेले मागं. आमच्या कडब्याच्या गंजीत." तिचे खांदे पुन्हा हलायला लागले. "केसात कडबा घेऊन बाहेर आले आणि म्हणतात कसे, 'मी मुद्दामच मागं घेतली.' मी तिथंच ठरवलं, करीन तर ह्यालाच."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी हात जोडले होते. 'पद्मा, गावात सांगू नको.' मी म्हटलं, आपणहून सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"मग?"

"पस्तीस वर्षांत कुणी विचारलंच नाही." तिनं कागद ओढून बघितला. तो अडखळत, अलगद निघाला. "तुम्ही चौघं बारा रविवार माझ्या दारात बसलासा. साखर विचारलीसा, पाणी विचारलंसा. कुकर पण समजावलासा."

मला कुठं बघावं कळेना. "आणि मी आज विचारलं नसतं तर? दिली असतीस गाडी?"

"दिली असती," काकी म्हणाली. "आणि रडले असते. शब्द म्हणजे शब्द." तिनं झाकण लावलं. "आता तुझी पाळी. तू पण आपणहून सांगायचं नाही. मार किक."

फट् फट् फट्. हाच तो आवाज. लहानपणी पाठीमागून ऐकलेला.

दीडशे माणूस गर्रकन वळलं. मी काकांच्या कोटाची बटणं लावत होतो आणि काकी पदराला हात पुसत होती.

"हाताला गुण आहे पोराच्या!" कुणीतरी ओरडलं. चाचांनी माझे हात हातात घेऊन बघितले. ते स्वच्छ होते. त्यामुळे चाचांचा आदर आणखी वाढला.

"अगदी काकावर गेलाय," काकी चेहरा सरळ ठेवून म्हणाली आणि माझ्या मागे बसली.

*

त्यानंतर चौदा वर्षं मी काकीशिवाय गावाबाहेर गेलो नाही. शीतलला काकीचा केवढा लळा, असं लोक म्हणायचे. लळा होताच. तिनं मला अंतर लावायला शिकवलं, पण ती मागे असली की मी विसरायचो. ती गेली तेव्हा तिच्या ट्रंकेतली ती लग्नपत्रिका माझ्याकडे आली. तिला दिलेला शब्द मी पाळला. मला कुणी विचारलंही नाही.

गेल्या महिन्यात उपाध्येसर घरी आले. आता काठी लागते, पण ती वही अजून काखेत. धूर मंडळाला मोठं पुस्तक काढायचंय, त्यात मगदुमांच्या जावाला चार पानं. बसले, पाणी प्यायले आणि वही उघडून म्हणाले, "शीतल, एक विचारू? मी इतिहासाचा माणूस आहे. त्या दिवशी मी लिंबाखाली पाठ करून उभा होतो, ते मला पंचवीस वर्षं टोचतंय. गाडी नक्की कुणी दुरुस्त केली?"

विचारलं म्हटल्यावर मी सांगितलं. सगळं.

सरांनी वही मिटली. मग त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"त्या काड्यापेटीतला कागद," ते म्हणाले. "तिकोनी. पिवळा."

"हो सर."

"तो मी टाकला."

"हो सर."

मी ट्रंकेतून पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि ती दोन्ही बाजूंनी पाहिली, बोटानं कागद चाचपला. मग वहीचं शेवटचं पान काढलं, पेन उघडलं आणि लिहिलं :

'क्रमांक २१४. लग्नपत्रिका. मूळ. दोन कोपरे शिल्लक.'